बातमी, गंमत आणि खरेपणा

जगात ‘मासा’ नावाची वस्तूच नाही, असे कोणी सांगितले तर आपण काय म्हणू? रत्नागिरीच्या बाजारात टोपली घेऊन बसलेली कोळीण तर त्या शहाण्याला हातात बांगडा धरूनच उत्तर देईल. परंतु या बोलण्यात तथ्य आहे बरे का. आपण ज्यांना सरसकट मासे म्हणतो, ते सगळे एका कुळातले नव्हेत. प्राण्यांची वंशावळ मांडून पाहिली, तर बांगडा हा मुशीपेक्षा गाईला अधिक जवळचा ठरतो. बांगडा आणि गाय ही दोघे हाडांचा सांगाडा असलेल्या एका पुरातन पूर्वजाची लेकरे. मुशीची शाखा त्याच्याही आधी फुटून निघाली. दोघे पाण्यात पोहतात, एवढ्यावरून आपण त्यांना एका टोपलीत घातले, इतकेच.

हे विचित्र सत्य लंडनमधील चौघा संशोधकांना इतके आवडले, की २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी आपल्या कार्यक्रमाला तेच नाव दिले : ‘नो सच थिंग ॲज अ फिश’, म्हणजे ‘मासा असे काही नाहीच’. हा कार्यक्रम ‘पॉडकास्ट’ प्रकारातला. पॉडकास्ट म्हणजे काय, तर नभोवाणीसारखेच श्राव्य भाषण. पण ते आकाशलहरींऐवजी इंटरनेटवरून येते आणि ऐकणारा सवडीने केव्हाही ऐकू शकतो. डॅन श्रायबर, जेम्स हार्किन, अँड्रू हंटर मरे आणि ॲना टशिन्स्की ही ती चार माणसे. आठवडाभरात सापडलेली एकेक नवलाची गोष्ट प्रत्येकाने आणायची आणि चौघांनी तिच्यावर हसतखेळत बोलायचे, एवढाच त्याचा थाट.

ही माणसे मूळची पडद्यामागची. बीबीसीवर २००३ साली ‘क्यू आय’ नावाचा प्रश्नोत्तरांचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. जे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असते, पण खोटे असते, ते दिले की तेथे गुण कापले जातात. त्यासाठी माहिती खणून काढणाऱ्या मंडळींना गमतीने ‘एल्फ’ म्हणत. एल्फ म्हणजे युरोपच्या लोककथांतले, रात्री गुपचूप काम उरकून जाणारे चिमुकले जीव. आपले हे चौघे त्यांतलेच.

‘क्यू आय’चे जनक जॉन लॉइड हे नभोवाणीत घडलेले. चालू घडामोडींवर विनोदी प्रश्न विचारणारा ‘द न्यूज क्विझ’ हा कार्यक्रम १९७७ साली बीबीसीच्या रेडिओवर सुरू झाला, त्याचे ते निर्माते होते. त्याच धर्तीवर १९९० मध्ये दूरचित्रवाणीवर ‘हॅव आय गॉट न्यूज फॉर यू’ आला. त्याहीपूर्वी, १९६२ साली, ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ या कार्यक्रमाने मंत्र्यासंत्र्यांची अशी काही टर उडवली, की पुढचे १९६४ हे निवडणुकीचे वर्ष आहे, असे कारण देऊन बीबीसीने १९६३ अखेर तो बंद केला. तेव्हा बातमीवर हसण्याची इंग्रजांची परंपरा जुनी, आणि ती कित्येकदा आधी कानाने ऐकून मग डोळ्यांनी पाहिली गेली.

याच वाटेने २०१६ च्या मे महिन्यात आपले चौघे ‘बीबीसी टू’ वर आले. कार्यक्रमाचे नाव झाले ‘नो सच थिंग ॲज द न्यूज’, म्हणजे ‘बातमी असे काही नाहीच’. त्या आठवड्याच्या बातम्या घ्यायच्या आणि मोठ्या मथळ्याखाली दडलेली छोटी, नवलाची गोष्ट हुडकून काढायची, असा हा खेळ.

आता यात अडचण कोणती, ती पाहा. माशाची वंशावळ थांबून राहते. आज खात्री पटली नाही, तर ती पुढच्या आठवड्यात सांगता येते. बातमीचे तसे नाही. ती दुधासारखी, आज तापवली नाही तर उद्या नासली. मग घाईत खरेपणा कसा राखायचा? बरे, या मंडळींना आधीच ठाऊक होते, की सवडीने शोधलेली माहितीही फसवते. ‘क्यू आय’च्या पहिल्या मालिकेत पृथ्वीला दोन चंद्र असल्याचे सांगितले गेले, पुढच्या मालिकेत तो आकडा पाच झाला. दुसरा चंद्र म्हणून ज्याचे नाव घेतले, तो ‘क्रुइथने’ हा खरे पाहता सूर्याभोवती फिरणारा एक लघुग्रह, १९८६ साली सापडलेला. अशा जुन्या चुका पुढे अकराव्या मालिकेत उघडपणे मान्य करण्यात आल्या आणि कापलेले गुण परतही देण्यात आले. हसवणाऱ्यांनी दाखवलेला हा प्रामाणिकपणा लहान नव्हे.

आणि ते वर्ष तरी कसले? २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्या प्रचारात कोणते आकडे खरे आणि कोणते खोटे, यावर देशभर रण माजले. वर्ष सरता सरता ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘पोस्ट-ट्रुथ’, म्हणजे ‘सत्योत्तर’, हा वर्षाचा शब्द ठरवला. वस्तुस्थितीपेक्षा भावनेला जेथे अधिक वजन येते, त्या अवस्थेचे हे नाव. नेमक्या अशा वेळी चार माणसे पडद्यावर बसून म्हणत होती, ‘गंमत करू, पण आधी खरे काय ते पाहू.’

दूरचित्रवाणीवरचा हा प्रयोग दोन मालिकांपुरताच चालला. श्राव्य कार्यक्रम मात्र पुढे चालू राहिला, आणि २०१७, २०१८ व २०१९ या तीन वर्षांच्या बातम्यांतली नवले त्यांनी दरवर्षी एकेका पुस्तकात गोळा केली. पडद्याची चौकट गेली, तरी शोधण्याची सवय गेली नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या गोष्टीतून शाळेत नेण्याजोगे काही असेल, तर ते हेच. परिपाठाच्या वेळी मुले बातम्या वाचतात. त्यांतल्या एका मुलाने आठवड्याला एक नवलाची गोष्ट आणावी, सगळ्यांना हसवावे. पण सोबत ‘हे तुला कसे कळले?’ या प्रश्नाचे उत्तरही आणावे. कोणी म्हणेल, पेपरात होते. कोणी म्हणेल, मोबाइलवर आले. एखादा म्हणेल, आजोबांनी सांगितले. मग पुढचा प्रश्न विचारायचा : ‘आणि त्यांना कसे कळले?’ या दुसऱ्या प्रश्नाशी वर्ग जरा वेळ थांबला, तर त्या दिवसाचा परिपाठ कारणी लागला असे समजावे.