जोशी, जलसा आणि एक जून

परवा भाचीचा बायोडाटा टाइप होऊन आला. लग्नाचा. वर बुद्धाचं चित्र. खाली नाव, शिक्षण, उंची. मग जन्मतारीख, जन्मवेळ, रास, नक्षत्र, गण, नाडी. सगळ्यात शेवटी छंद. जन्मवेळ सरकारी दवाखान्यातली, मिनिटासकट. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. छंदापुढं लिहिलं होतं, 'वाचन'. खरं तर पोरगी ढोलकी वाजवते. जयंतीला तिच्या हाताखाली अख्खी वस्ती डोलते. पण ते लिहिलं नाही. मुलाकडचे काय म्हणतील?

पंधरा दिवसांनी निरोप आला. एकनाडी निघाली, जमत नाही.

निरोप देणारं घर परकं नव्हतं. आपलंच होतं. दारात पंचशीलाचा झेंडा, बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, बाजूला बावीस प्रतिज्ञांची फ्रेम. त्या फ्रेमखाली बसून त्यांनी नाडी पाहिली. भाची मला म्हणाली, "मामा, तुम्ही इतिहास लिहिता ना, मग हे कुठून आलं ते लिहा." म्हणून लिहायला बसलो.

सुरुवात माझ्यापासून करतो.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. माझ्या वर्गातल्या आमच्या आळीच्या बहुतेक पोरांची १ जूनच. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. मास्तर विचारायचे, कधीचा? बाप सांगायचा, मोठ्या पुराच्या साली. मास्तर पोराकडं बघायचे, मनाशी हिशेब करायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. आजी सांगायची, "तू झालास तवा जुंधळा निसवत हुता." म्हणजे पावसाळा सरून गेलेला. पण ज्वारीची कणसं कागदावर चढत नाहीत. घरात लिहिणारं कुणी नव्हतं. गावच्या सात पिढ्यांचे निरोप पोचवणाऱ्या माणसांच्या घरात स्वतःच्या पोराच्या जन्माची नोंद नव्हती.

आता अशा माणसाची कुंडली कशी मांडणार? जोशाकडं त्यालाही तोड होती. वेळ नसली की नावरास. नावाच्या पहिल्या अक्षरावरून रास काढायची. आमची नावं काय? कचरू, दगडू, केरू. कचरूचं 'क', म्हणून मिथुन. दगडूचं 'द', म्हणून कुंभ. ज्या गावानं कचरू म्हणून हाक मारली, त्याच गावच्या पंचांगानं कचऱ्यालाही रास दिली. दक्षिणा येत असली की कचराही चालतो. आणि पंचांगाच्या हिशेबानं १ जूनला सूर्य वृषभ राशीत असतो. म्हणजे आमची अख्खी पिढी बैलाच्या राशीची. मास्तरांनी नकळत बरोबर लिहिलं म्हणायचं!

हसू नका. मी स्वतः हात दाखवलेला आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बाप खात्यात होता. वर्ष गेलं, दुसरं गेलं. घरातली भांडी गेली. मी मोर्चाला जायचो, घोषणा द्यायचो आणि एका दुपारी स्टेशनबाहेरच्या ज्योतिषापुढं जाऊन बसलो. पाच रुपये दिले. तो म्हणाला, शनी आहे, अडीच वर्षं कळ काढ. मला बरं वाटलं. हे कबूल करतो. गिरणी कुणी बंद ठेवली, का ठेवली, हे मला ठाऊक होतं. तरी शनीचं नाव ऐकून बरं वाटलं. कारण शनीशी भांडावं लागत नाही. मालकाशी भांडावं लागतं. जोशी जे विकतो ते हेच.

ही विक्री जोतीराव फुल्यांनी नाटकात मांडली. साल १८५५. नाटक 'तृतीय रत्न'. एका कुणब्याची बायको गरोदर आहे. जोशी दारात येतो. पोटातल्या पोरावर ग्रहांची पीडा आहे म्हणून तिला भिववतो. मग शांती, मग ब्राह्मणभोजन, मग कर्ज. नवराबायको नागवली जातात. विदूषक मधे मधे बोलून भटाचं कसब उघडं पाडतो. शेवटी त्या दोघांना कळतं की आपण शिकलो नाही म्हणून फसलो, आणि ती शाळेची वाट धरतात. नीट बघा, नाटकात ग्रह कुठंच नाहीत. आहे ती बाईच्या पोटातली भीती, आणि त्या भीतीवर बसवलेला कर. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं होतं. कमिटीनं ते घेतलं नाही. ते छापून आलं १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' मधून. म्हणजे लिहिल्यानंतर सव्वाशे वर्षांनी. मराठी नाटकाचा इतिहास सांगणाऱ्यांनी तोवर बरीच पानं भरली होती.

२४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला. २५ डिसेंबर १८७३ ला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, मुहूर्त नाही. पुढं १८८७ मध्ये जोतीरावांनी लग्नाच्या विधीचं आणि मंगलाष्टकांचं स्वतंत्र पुस्तकच काढलं. आता हे वाचून कुणाला वाटेल, यात काय मोठं? नाही बोलावला भट, लावलं लग्न. पण तेव्हा तसं नव्हतं. गावजोशी वतनदार होता. त्याला बोलावलं नाही तरी त्याची दक्षिणा त्याला द्यावी लागे. तो कोर्टात जाऊन ती वसूल करू शके. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ मध्ये बाळाजी कुसाजी पाटलांनी भटाविना लग्न लावलं, तर जोशांनी त्यांना कोर्टात खेचलं. न केलेल्या कामाची मजुरी! आमच्या बापजाद्यांना केलेल्या कामाची मिळाली नाही. हा न बोलावता दक्षिणा घेण्याचा हक्क मुंबई इलाख्यात कायद्यानं मोडला तो १९२६ मध्ये.

आणि २५ डिसेंबर ही तारीख लक्षात ठेवा. १९२७ मध्ये त्याच तारखेला महाडला बाबासाहेबांच्या समक्ष मनुस्मृती जळाली. यात कुठल्या ग्रहाचा हात नाही. पण एखाद्या जोशाला दाखवलं तर तो त्यातही योग काढून दाखवील.

आता जलसा. सत्यशोधकांनी गावोगाव जायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या हातात काय होतं? वर्तमानपत्र वाचणारे नव्हते. व्याख्यानाला माणसं बसत नव्हती. तमाशाला मात्र सात कोसांवरून येत होती. तेव्हा त्यांनी तमाशाचा साचा उचलला. गण, गौळण, बतावणी, वग. ढोलकी, डफ, तुणतुणं तेच ठेवलं आणि आतला माल बदलला. शृंगार गेला. सावकार आला, भटजी आला, न शिकलेला पाटील आला. पंचांग काखेत मारून चालणारा भटजी पाहिला की लोक तो तोंड उघडायच्या आधीच हसायला लागत. हसणं ही साधी गोष्ट नाही. ज्याला माणूस हसला, त्याला तो पुन्हा तितकासा भीत नाही.

हाच साचा आपल्या लोकांनी आंबेडकरी जलशात आणला. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच धगीत भीमराव कर्डकांचा नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा उभा राहिला. ही माणसं कोण होती? शेतमजूर, गिरणीत बदली करणारे, रेल्वेत हमाली करणारे. दिवसभर राबायचं आणि रात्री कंदील नाहीतर पेट्रोमॅक्सच्या उजेडात उभं राहायचं. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, देवाला पोरी सोडू नका, अंगात आणणाऱ्याच्या नादी लागू नका. सभेत नेता बोलतो ते माना डोलावून लोक घरी जातात. जलशात तेच सवालजवाबात ऐकलं की दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया तेच बोलत. कर्डकांनी हा अनुभव 'आंबेडकरी जलसे' या पुस्तकात १९७८ मध्ये लिहून ठेवला म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे. पुढं वामनदादा कर्डकांनी गाणं गावोगाव नेलं, २००४ मध्ये देह ठेवेपर्यंत.

इथं एक गोष्ट चोखपणे सांगायला हवी. जोशी म्हटला की सगळे एकाच माळेचे मणी नव्हेत. पहाटे येणारा पिंगळा, कुडमुडं वाजवीत दारोदार फिरणारा कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला, ही भटकी माणसं. गावाबाहेर पालं ठोकून राहणारी. दुसऱ्याचं भाग्य सांगायचं आणि आपलं पीठ पसाभर. सरकारच्या यादीत ती भटक्या जमातीत आहेत. आजी पिंगळ्याला सुपातून दाणे घालायची आणि म्हणायची, "त्येचं कुटं खरं आसतंय? पर त्येला बी प्वाट हाय." तिला फरक कळत होता. पिंगळ्यानं तिला लुबाडलं नाही. ज्याच्या पंचांगामागं वतन होतं, कोर्ट होतं, त्यानं गावाला लुबाडलं. आज ज्यांच्यामागं टीव्ही आहे, मोबाईल आहे, त्यांच्याकडं बोट करायचं सोडून पालातल्या माणसाला झोडपू नका.

कुणी म्हणेल, हे शास्त्र आहे, तुम्हांला कळत नाही. ठीक. २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मिळून चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. ज्योतिषांना आवाहन केलं, नुसत्या पत्रिकेवरून ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं धाडली, प्रत्येकाला चाळीस पत्रिका. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तर शेकडा ५० च्या आसपास आलं असतं. त्याआधी २००१ मध्ये याच 'शास्त्रा'चे वर्ग विद्यापीठांत काढायला विद्यापीठ अनुदान आयोगानं वाट मोकळी केली होती. लोक सुप्रीम कोर्टात गेले. २००४ मध्ये कोर्टानं अर्ज फेटाळला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, पण त्यात ज्योतिषाचा सल्ला वगळलेला आहे. नंदीबैलवाल्याचं नाव घालून वगळलेला आहे. गरिबाच्या नंदीबैलाआड मोठा ज्योतिषी सुरक्षित!

आणि बुद्ध? बुद्धानं नक्षत्रं बघून पोट भरणं भिक्खूंना वर्ज्य केलं. त्याला हीन विद्या म्हटलं. जातककथांत नक्खत्त जातक आहे. शहरातल्या घरानं खेड्यातली मुलगी ठरवलेली. दिवस ठरल्यावर कुळाच्या आजीवक साधूला विचारलं. आधी विचारलं नाही म्हणून तो रुसलेला. म्हणाला, आज नक्षत्र वाईट. वऱ्हाड गेलंच नाही. तिकडं मुलीकडचे वाट पाहून थकले आणि त्यांनी दुसऱ्याशी लग्न लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी हे पोचले तर भांडण. तेव्हा एक शहाणा माणूस म्हणाला, चांगलं काम पदरात पडत होतं, त्याहून आणखी कुठलं नक्षत्र हवं होतं? दोन हजारांहून अधिक वर्षं झाली. आमच्या भाचीच्या स्थळाची गोष्ट हीच. ती कथा आपल्या विहारात किती जणांनी वाचलीय?

गेल्या जयंतीच्या मीटिंगमध्ये हाच विषय निघाला. तीन दिवसांचा कार्यक्रम. पहिला दिवस गाण्यांचा, दुसरा पोरांच्या चित्रांचा आणि रांगोळीचा. तिसऱ्या दिवशी एका कार्यकर्त्यानं सुचवलं, ज्योतिष मार्गदर्शन ठेवू. बाया गर्दी करतील. मी उठून विरोध केला, जरा जोरातच. तो पोरगा म्हणाला, "काका, तुमच्या काळी जन्मवेळच नव्हती म्हणून तुम्ही पुरोगामी झालात." सगळे हसले. मीही हसलो. पण रात्रभर झोप आली नाही.

कारण त्याचं निम्मं खरं होतं. आमच्याकडं वेळ नव्हती, म्हणून जोशाला आमचं फारसं काही करता आलं नाही. आज आपल्या पोरांना जन्मवेळ आहे. ती दवाखान्यानं दिली, शाळेनं दिली, नोंदवहीनं दिली. त्या नोंदवहीपर्यंत पोचायला चवदार तळ्यापासून चालावं लागलं. आणि एवढं चालून मिळवलेली ती चार वाजून दहा मिनिटं आपण नेऊन पुन्हा जोशाच्याच हातात दिली.

मीटिंगमध्ये कोपऱ्यात एक म्हातारे बसले होते. तरुणपणी जलशात भटजीचं काम करायचे. ते म्हणाले, "ज्योतिषी कशाला भाड्यानं आनता? मी हाय की. माझं पंचांग अजून पेटीत हाय." त्यांच्याकडं बतावणीची वही होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ट्रंक उघडली. वही निम्मी वाळवीनं खाल्लेली. मधली पानं एकमेकांना चिकटलेली. भटजीचे सवाल राहिलेत, जवाब गेलेत.

तिसऱ्या दिवशी आम्ही उरलेल्या सवालांवरच बतावणी उभी केली. जवाब पोरांनी जागेवर रचले. ढोलकीवर भाची होती.

दोस्तहो, हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात, कुणाच्या आजोबांच्या पेटीत अशी वही असेल तर आजच काढा. उतरवून घ्या. कुणी लिहिलं, कुणी गायलं, ढोलकीवर कोण, कुठल्या गावी कुठल्या साली खेळ झाला, सगळं टिपा. आमच्या जन्माची वेळ कुणी टिपली नाही, ती गेली. तिच्यावाचून आपलं काही अडलं नाही. या वह्या गेल्या तर मात्र अडेल.

आणि बायोडाट्यात छंदापुढं 'ढोलकी' लिहा. भाचीनं तसा तो दुरुस्त केलाय. नाडीची ओळही खोडली आहे. स्थळ अजून यायचंय.

जय भीम.