पेढा की बर्फी

आमच्या बेळगाव भागात बस्तीत पंचकल्याणक पूजा असली की आधी गर्भकल्याणक येतं. तीर्थंकरांच्या मातेला पडलेली सोळा स्वप्नं मंडपात मांडतात आणि राजा त्यांचं फळ सांगतो, पोटी तीर्थंकर येणार. लहानपणी मला एवढंच दिसायचं की पोट राणीचं आणि आत कोण आहे ते सांगणार राजा. घरी एवढा थाट नसे. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्या पुढं यायच्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फी निघाली की एखादी आजी म्हणायचीच, "असू दे गं, पहिली बेटी धनाची पेटी." अंदाज चुकला तरी कुणाचं काही बिघडत नसे.

बिघडायला लागलं ते खात्रीनं कळायला लागल्यावर. सत्तरच्या दशकाच्या मध्याला दिल्लीच्या एम्समध्ये गर्भजल तपासणी सुरू झाली. साधारण सोळाव्या आठवड्यात पोटातून सुईनं पाणी काढायचं, त्यातल्या पेशी वाढवून गुणसूत्रं बघायची. हेतू जन्मजात दोष शोधण्याचा होता. पण गुणसूत्रं बघितली की मुलगा की मुलगी हेही दिसतंच. सरकारनं आपल्या दवाखान्यांत याला मनाई केली, खासगी दवाखाने मोकळे राहिले. आता काही शे रुपये घाला आणि पुढचे हुंड्याचे हजारो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. १९८६ मध्ये महाराष्ट्र सरकारसाठी मुंबईत पाहणी झाली, तेव्हा ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही चाचणी लिंग बघायला करत होते. स्त्रीसंघटना आणि काही डॉक्टर नेटानं मागे लागले आणि १९८८ साली महाराष्ट्रानं कायदा केला, देशातला पहिला.

कायदा महाराष्ट्राचा, आणि आम्ही कर्नाटकात. सीमाप्रश्नावर आमच्याकडे आयुष्यं गेली, पण हा सीमाप्रश्न कधी कुणाच्या भाषणात आला नाही. केंद्राचा कायदा झाला १९९४ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. मधली सात-आठ वर्षं हद्दीच्या दगडापलीकडे जे गुन्हा होतं, ते अलीकडे नव्हतं.

१९९२ मध्ये माझ्या चुलत जाऊबाई, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, सांगली भागातून आमच्याकडे आल्या. दोन मुली होत्या, तिसरी खेप. तिकडचे सगळेच डॉक्टर कायदा पाळत होते असं नाही, पण त्यांच्या ओळखीच्यांनी नाही म्हटलं होतं. घरात सांगितलं गेलं, देवदर्शनाला आल्यात. सकाळी भाऊजींबरोबर गेल्या, दुपारी आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. त्या संध्याकाळी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून मी मऊ भात घेऊन गेले. "अक्का, दोन घास खाऊन घ्या." त्या उठल्या, खाल्लं. मी काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पाणी गाळून दिलं मात्र.

२००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली निघाल्या, कोल्हापूर जिल्ह्यात ८३९, सांगलीत ८५१. ऊस, दूध, साखर कारखाने, सगळी सुबत्ता याच पट्ट्यात. पुढं धर्मवार आकडे आले. जैनांमध्ये ८७०. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालणारी आम्ही माणसं, जवळजवळ सगळ्यांच्या मागं. आपल्यात शिकलेले जास्त, पैसेवाले जास्त, म्हणून मशीनपर्यंत लवकर पोचले, असं एकजण मला म्हणाले. खरंच असेल ते. पण ते हे कौतुकाच्या सुरात म्हणाले.

तोवर सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले होते, कायदा आहे पण पाळतो कोण म्हणून. २००३ मध्ये तो कडक झाला. आता प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात पाटी असते, प्रत्येक गरोदर बाईचा फॉर्म भरावा लागतो.

त्या कायद्यात एक कलम आहे. बाईनं चाचणी करून घेतली तर नवऱ्यानं किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं, असं न्यायालय धरून चालतं. तसं नव्हतं हे दुसऱ्यानं सिद्ध करायचं. अक्कांच्या बाबतीत ते खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मला मात्र गप्प बसायला कुणी भाग पाडलं नव्हतं. अक्का अजून चतुर्दशीला उपास करतात. फोनवर आम्ही सुनांविषयी बोलतो, गुडघ्यांविषयी बोलतो.