हळदीचा पुरावा

चामटोलीतलं शेत, भाताची कापणी. विळा निसटतो, तुमच्या बोटातून रक्त भळभळतं. आजी बांधावरूनच ओरडते, "दाबून धर!" मग घरात नेऊन चिमूटभर हळद भरते, वर चिंधी गुंडाळते. झोंबतं. तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा मार्च 1995, अमेरिकेचं पेटंट कार्यालय. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट नुकतंच मंजूर झालंय. क्रमांक 5401504, मालकी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची. तुम्ही चिंधीचं बोट नाचवता. कुणी बघत नाही. बघितलं असतं तरी उपयोग नव्हता. परदेशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, हा तेव्हाच्या तिथल्या कायद्यात पुरावाच नव्हता. छापील कागद हवा. आजी कुठे छापून आलेली नाही.

मागे चला. 1563, गोवा. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य (मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, तोच) इथल्या औषधांवरचं पुस्तक छापून घेतोय. त्यातल्या एका संवादात हळदही आहे. पण पोर्तुगीजमधला हा ग्रंथ पेटंट तपासणारा शोधणार कुठे?

ऑगस्ट 1997. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) 32 संदर्भ पुढे केलेत: संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने मजकूर, 1953 सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख. पेटंट रद्द. पण दर वनस्पतीमागे एवढी धावपळ कोण करणार? म्हणून 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहू लागलं. पोथ्यांमधले औषधयोग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानीत उतरले. 2009 मध्ये ते युरोपातल्या पेटंट तपासनिसांच्या संगणकावर पोचले.

2017 ला जरा थांबा. हा मुक्काम आजीला रुचणार नाही. औषधी रसायनशास्त्रज्ञांनी हळदीतल्या कर्क्युमिनवरचं संशोधन चाळलं, तर ते प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनाच फसवतं असं दिसलं: स्वतःच चमकतं, भलत्याच प्रथिनांशी गुंततं. माहितीसाठ्यांत यशाच्या नोंदींचा ढीग. माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत मात्र हाती काही नाही. मला हा हिशेब पेटंटच्या लढाईइतकाच मोलाचा वाटतो.

बोटाला कळ येते. तुम्ही पुन्हा चामटोलीत. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची एक समिती असते आणि तिनं गावातल्या वनस्पती आणि त्यांविषयीच्या ज्ञानाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. जखम सुकली की ग्रामपंचायतीत जा, ती वही मागा. आजीला सोबत न्या.