बुबुळाची गंभीर इजा व दृष्टीची पुनःप्राप्ती

डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला (स्वच्छमंडल, कॉर्निया, व्यवहारात बुबुळ) मार, भाजणे किंवा जंतुसंसर्ग यांमुळे गेलेली नजर पूर्णतः वा अंशतः परत येणे.

भरून येण्याची प्रक्रिया : हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिमी. जाड असतो. वरचा पापुद्रा खरचटला तर एक-दोन दिवसांत मागमूस न ठेवता भरून येतो. त्याखालचा बोमन थर मात्र एकदा फाटला की पुन्हा तयार होत नाही. जखम आणखी खोल गेली, तर पारदर्शकता राखणारी तंतूंची शिस्तबद्ध रचना बिघडून पांढरा वण उरतो. त्यालाच ‘फूल पडणे’ म्हणतात. वण बाहुलीसमोर असला तर लहानसाही नडतो, कडेचा मोठा वणही चालून जातो. व्रण भरला म्हणजे नजर आली, असे नव्हे.

कारणे : उसाचे पात लागणे, मळणीत कुसळ उडणे, धसकट टोचणे यांतून बुरशी (विशेषतः फ्युजॅरियम व ॲस्परजिलस) आत शिरते. शहरी रुग्णांत कॉन्टॅक्ट लेन्सची अस्वच्छता हे एक कारण. खायच्या चुन्याची पुडी दाबताना ती फुटून मुलांचे डोळे भाजतात. चुना आम्लापेक्षा घातक, कारण तो आत झिरपत राहतो. डोळा तत्काळ व भरपूर पाण्याने धुणे हाच पहिला उपचार.

निदान व औषधोपचार : फ्ल्युओरेसीनचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिल्यास सोललेला भाग हिरवा चमकतो. व्रणाच्या कडेचा खरवडा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की बुरशीचे धागे काही मिनिटांत दिसू शकतात. एवढे सोपे काम टाळून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणले जातात. लाली उतरते, रुग्ण निर्धास्त होतो आणि बुरशी फोफावते. अरविंद नेत्र रुग्णालयांतील ३२३ रुग्णांच्या चाचणीत (२०१३) नॅटामायसिन हे जुने औषध नव्या व्होरिकोनाझोलपेक्षा सरस ठरले, फ्युजॅरियमच्या बाबतीत तर ठळकपणे. जिवाणूजन्य व्रणात प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड द्यावे की नाही, याबाबत एकमत नाही. नेपाळमधील भक्तपूर येथील पाहणीत (२००१) खरचटल्यापासून १८ तासांच्या आत क्लोरॅम्फेनिकॉल मलम सुरू केलेल्या एकाही डोळ्यात व्रण झाला नाही. नेपाळमध्येच पुढे झालेल्या मोठ्या चाचणीत गावपातळीवर असे मलम देण्याच्या योजनेने व्रणांचे प्रमाण घटलेले दिसले नाही. त्यामुळे वेळीच लावलेल्या मलमाचा कितपत उपयोग होतो, हे अनिर्णित आहे.

रोपण : ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी मानवी बुबुळाचे पहिले यशस्वी पूर्णजाडीचे रोपण केले. रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर होता. लोखंडाचे कण घुसल्याने एका ११ वर्षांच्या मुलाचा डोळा काढावा लागला होता; त्याच्या बुबुळातून फोन हिपेल यांच्या किल्लीच्या यंत्राने दोन चकत्या कापून रुग्णाच्या दोन डोळ्यांत बसवल्या. उजवी चकती टिकली नाही, डावी स्वच्छ राहिली आणि तो पुन्हा कामाला लागला. चुन्याने भाजलेल्या डोळ्यात रक्तवाहिन्या शिरतात व रोपण नाकारले जाण्याचा धोका वाढतो. त्यामुळे आजच्या निकषांनी हा रुग्ण रोपणासाठी जोखमीचा ठरला असता. पुढे ओडेसा येथे फिलातोव्ह यांनी मृतांचे बुबुळ वापरण्याची पद्धत रूढ केली. भारतातील पहिल्या यशस्वी रोपणाचा मान मद्रासचे आर. ई. एस. मुथय्या यांना देतात. काही लेखक इंदूरचे आर. पी. धंडा (१९६०) यांचे नाव घेतात. मुंबई राज्यात यासाठी १९५७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढून घ्यावे लागतात.

पृष्ठभागाची पुनर्रचना : बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळाल्या असतील तर नुसते रोपण फसते. निरोगी डोळ्याच्या कडेचा अगदी लहान तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून, वारेवरील पातळ पडद्यावर चिकटवण्याची पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील वीरेंद्र संगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली. प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचा मोठा खर्च तिने वाचवला. दोन्ही डोळ्यांची नजर गेलेल्या व डोळे कोरडे पडलेल्या रुग्णांत रुग्णाचाच सुळा कोरून त्यात भिंग बसवण्याची स्ट्रांपेली यांची शस्त्रक्रिया (१९६३) आजही मोजक्या ठिकाणी होते.

मुलांतील दृष्टिलाभ : बुबुळ स्वच्छ झाले तरी तोवर डोळा आळशी झालेला असू शकतो, चांगला डोळा झाकून सराव द्यावा लागतो.

डोळ्याचा मागील भाग : जालपटल व दृक्‌चेता यांना इजा झाल्यास वरील उपचारांनी नजर परत येत नाही.