सातबाऱ्यावरचे आणे

मराठवाड्यातल्या गंगापूर, पैठण, वैजापूर भागातला एखादा जुना सातबारा हाती घ्या आणि 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. विहिरीत कुणाचे चार आणे, कुणाचा एक आणा चार पै, असं काहीबाही सापडतं. 1957 साली दशमान नाणी आली आणि आणा बाजारातून उठला. विहिरीत तो अजून चालतो.

याचं कारण हिशेबात आहे. अख्खी विहीर म्हणजे रुपया. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे रुपयाच्या 192. चौघा भावांना चार-चार आणे. त्यातल्या एकाला तीन मुलं झाली, तर चार आण्यांच्या 48 पै, प्रत्येकी 16. एक आणा चार पै. शंभर पैशांचे तीन वाटे करून बघा, एक पैसा उरतोच. आणि भावकीला भांडायला तेवढा पुरतो. (भाऊ पाच असले की 192 चंही काही चालत नाही, ते सोडा.) निजामाच्या राजवटीत इथं चालणाऱ्या हाली रुपयाचेही आणे सोळाच होते, त्यामुळे राज्य बदललं तरी वाटणीचं माप बदललं नाही.

वाटा मागायचा हक्क त्याहून कितीतरी जुना. मुलाला घराण्याच्या जमिनीत जन्मतःच हिस्सा, हे विज्ञानेश्वराच्या 'मिताक्षरा' या धर्मशास्त्रग्रंथाचं सूत्र. ते लिहिलं गेलं चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. गंमत पुढेच आहे. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठानं सतराव्या शतकात काशीत 'व्यवहारमयूख' रचला आणि वारसांत बहिणीला बरीच वरची जागा दिली. त्याला मान मिळाला गुजरातेत आणि मुंबईत. पैठणच्या शेतांना मिताक्षराच लागू राहिली.

कागद सांगतो तो हिस्सा. शेत प्रत्यक्षात कापलं जातं ते बांधावर, पंचांसमोर. वाटे पाडायचे आणि लहान लेकराच्या हातानं चिठ्ठ्या उचलायच्या. वाटे आडवे पाडले तर खालची काळी एकाला आणि वरचं मुरमाड बरड दुसऱ्याला जातं, म्हणून वाटणी उभी करतात: प्रत्येकाला थोडी काळी, थोडं बरड, थोडा नाला. न्याय होतो, पण पट्टा इतका अरुंद होतो की दोन पिढ्यांनी औत वळवायला जागा राहत नाही. मग धुरा, म्हणजे मधला बांध, कोरणं सुरू होतं. दरवर्षी नांगराचं एकच तास शेजारी सरकवायचं, बस्स.

विहीर मात्र उभीही कापता येत नाही. म्हणून तिचा वेळ कापला. चार आणेवाल्याची पाळी चार दिवसांतून एक दिवस, दोन आणेवाल्याची आठ दिवसांतून एक. मोट गेली, मोटारी आल्या. आता पाळी आपली असते आणि वीज नसते. त्या आण्याचं काय करायचं ते कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नाही.

सरकारनं तुकडे थांबवायचे प्रयत्न केले. मुंबई प्रांताचा 1947 चा तुकडेबंदी कायदा पुढे मराठवाड्यालाही लागू झाला, एकत्रीकरणात जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. 1954-55 च्या खासरा पाहणीतलं शेत आजच्या गटात शोधायचं म्हणजे तलाठ्याचीही परीक्षाच. तुकडे तरी थांबले का? राज्यातली सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 मध्ये 1.34.

मुलासारखा जन्मतःच हिस्सा लेकींना मिळाला तो महाराष्ट्रात 1994 ला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांपुरता. देशभर 2005 ला. कायद्यानं चार आण्यांत बहीण बसली, आणि गावानं हक्कसोडपत्र शोधलं. साडी-चोळीच्या मोबदल्यात किती पै सोडल्या गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मला तरी ती वाटणीतली सर्वांत मोठी वजाबाकी वाटते.

शेंद्रा-बिडकीनकडे औद्योगिक नगरासाठी हजारो एकर जमीन गेली. अशा संपादनात जमिनीचं मोल वेगळं काढतात, झाडांचं वेगळं, विहिरीचं वेगळं. मोजणी होते, विहीर बुजते, आणि तिच्या पैशांचे वाटे करताना जुना सातबारा पुन्हा उलगडावा लागतो: कुणाचे किती आणे?