शालान्त परीक्षा आणि पायाखालचा दगड

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा घेण्यात आली. न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीतील विद्यार्थी. मॅट्रिक ही वस्तुतः विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा. परंतु शाळांनी काय शिकवावे, हेही कालांतराने तीच ठरवू लागली. स्वातंत्र्यानंतर एस.एस.सी. आली, १९६६ मध्ये राज्याचे स्वतंत्र मंडळ आले, १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीस होऊ लागली. नावे बदलली, रीत तीच राहिली. परीक्षेत जे विचारले जाते, तेच वर्गात मन लावून शिकविले जाते.

या रीतीत भूगर्भशास्त्र मागे पडले. शाळेत तो स्वतंत्र विषय नाही, भूगोलाचा एक अंश आहे. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या राज्याच्या पाठ्यपुस्तकांत खडकांचे प्रकार सहावीत, भूकंप व ज्वालामुखी नववीत, तर दहावीच्या भूगोलात भारत व ब्राझील यांची तुलना, अशी मांडणी होती. म्हणजे पायाखालचा दगड शालान्त प्रश्नपत्रिकेपर्यंत पोहोचलाच नाही. बारावीस विज्ञान शाखेत हा ऐच्छिक विषय आहे. तो घेणारे विद्यार्थी थोडेच.

वस्तुतः महाराष्ट्राइतकी या शास्त्राची उघडी पोथी क्वचितच आढळेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर, दुकानात कापडाचे तागे रचावेत तसे, एकावर एक पसरले. त्याच काळ्या पाषाणात वेरूळची ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी कोरली गेली. विद्यापीठे नव्हती, तेव्हाही शिल्पींना दगडाची जात कळत होती.

हे अज्ञान केवळ गुणपत्रिकेपुरते राहत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेस भूकंप झाला. तरीही उर्वरित पठार स्थिर आहे, हा समज टिकून राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जड दगडी भिंती झोपलेल्यांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. पुढे दहावीच्या विज्ञानात आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ आला, हे योग्यच झाले. मात्र आपत्तीत काय करावे, याबरोबर आपली भूमी कशी घडली, हेही मुलांना कळले पाहिजे.

वेरूळच्या यात्रेस मुलांना नेणाऱ्या पालकांनी इंद्रसभेत भगवंतांचे दर्शन घडवावे आणि क्षणभर त्या पाषाणावरही त्यांचा हात ठेववावा. या धड्यास गुण नाहीत; पण तो आयुष्यभर उपयोगी पडेल.