थॅलिडोमाइड आणि सेरेब्लॉन : अर्ध्या शतकाने सापडलेले कारण

१९५७ साली पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून विक्रीस आलेले थॅलिडोमाइड गरोदर स्त्रियांना मळमळीवरही दिले जाऊ लागले आणि चारच वर्षांत हाम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंत्स व ऑस्ट्रेलियातील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, खुरटलेल्या हातापायांनी जन्मणाऱ्या बालकांचा संबंध या औषधाशी जोडला. अशी बालके जगभरात १०,००० च्या घरात असावीत. औषध मागे घेतले गेले. ते गर्भाला नेमके कशामुळे घातक ठरले, याचे उत्तर मात्र त्या पिढीला मिळाले नाही.

औषधाचा इतिहास तेथेच संपला नाही. १९६४ मध्ये जेरुसलेम येथे जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगातील वेदनामय गाठींनी तळमळणाऱ्या रुग्णांना झोप यावी म्हणून ते दिले, तेव्हा त्या गाठीच ओसरल्या; पुढे १९९९ मध्ये मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगातही त्याचा गुण दिसून आला.

उकल झाली ती २०१० मध्ये. तोक्योतील हिरोशी हांदा, ताकुमी इतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर थॅलिडोमाइड बसवून ते मणी पेशींच्या अर्कात मिसळले आणि औषधाला घट्ट चिकटून आलेले प्रथिन ओळखले. ते सेरेब्लॉन होते. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून, सौम्य बौद्धिक अक्षमतेच्या संदर्भात ते २००४ पासूनच संशोधकांना परिचित होते. पेशीतील जी प्रथिने नष्ट व्हायची असतात त्यांच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चढवली जाते व प्रोटिअसोम ही यंत्रणा खूण असलेल्या प्रथिनांचे तुकडे करते. खूण कोणावर चढवायची हे निवडणाऱ्या संकुलांपैकी एकाचा ग्राहक घटक म्हणजे सेरेब्लॉन. थॅलिडोमाइड त्याच्या खाचेत बसले की ही निवडच बदलते आणि एरवी सुटणारी प्रथिनेही पकडली जातात. मायलोमाच्या पेशी ज्यांवर जगतात ती इकारोस व आयोलोस ही प्रथिने अशीच नष्ट होतात, हे २०१४ मध्ये स्पष्ट झाले. अवयवांच्या घडणीस आवश्यक असलेले सॅल-४ हेही त्याच वाटेने जाते, हे २०१८ मध्ये. सॅल-४ च्या जनुकातील जन्मजात दोषानेही हातांची तशीच व्यंगे उद्भवतात, म्हणून हा पुरावा विशेष मोलाचा आहे. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मात्र मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळे असल्याने औषधाची ही पकड तेथे बसत नाही, आणि गरोदर उंदरांवरील चाचण्यांतून मानवी गर्भाचा धोका कळणे का कठीण होते, हेही त्यातून उलगडते.